आपल्याकडे पाहण्यासारखे काय आहे?

"तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" असे पाहुण्याने विचारले, की परभणी जिल्ह्यातला माणूस जरा अवघडतो. "काही नाही हो. काळी जमीन, कडक ऊन आणि कापूस-सोयाबीनची शेते," असे सांगून तो विषय बदलतो. फार तर गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव घेतो किंवा येलदरीच्या धरणाकडे बोट दाखवतो. विज्ञानाची गोष्ट निघाली, तर हा नकार आणखी ठाम होतो. विज्ञान म्हणजे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत नाहीतर परदेशात चालणारे काम; आपल्या वाट्याला त्यातली फक्त पाठ करायची उत्तरे, अशी आपल्या मुलांची पक्की समजूत झालेली असते.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या तासाला एक सोपा प्रश्न विचारतो. झाडाखालच्या सावलीत उन्हाचे जे ठिपके पडतात, त्यांचा आकार कसा असतो? बहुतेक जण लगेच सांगतात, "पानांमधल्या फटींसारखा, वेडावाकडा." उत्तर तर्काला धरून आहे, पण चूक आहे. ते ठिपके गोल किंवा लंबगोल असतात. ज्यांनी सारे बालपण कडुनिंबाच्या सावलीत खेळण्यात घालवले, त्यांनी ते हजारो वेळा पाहिलेले असतात. आणि तरीही पाहिलेले नसतात.

या लेखात मला एकच मत मांडायचे आहे. आपल्या भागात नवलाच्या गोष्टी भरपूर आहेत. कमी पडते ती त्यांच्यापाशी दोन मिनिटे थांबण्याची सवय. ही सवय लहानपणी सर्वांना असते. पुढे ती मोडते, आणि ती मोडण्यात परीक्षांचा, घाईचा आणि आम्हा शिक्षकांचाही हात आहे. ती पुन्हा लावून घेता येते आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. हे नुसते सांगून तुम्हाला पटणार नाही. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या तीन गोष्टींकडे जरा सावकाश पाहू.

छतातून उतरणारा सूर्य

आपल्याकडे कितीतरी घरांना आणि शाळांना पत्र्याचे छत आहे. पत्र्याला कुठेतरी खिळ्याचे भोक पडलेले असते आणि त्यातून उन्हाची एक तिरीप खाली येते. जमिनीवर पडणाऱ्या त्या प्रकाशाच्या ठिपक्याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : कवडसा. भोक तिकोनी असो की फाटलेले असो, ते पुरेसे बारीक आणि पुरेसे उंच असेल तर कवडसा गोलच पडतो. असे का व्हावे?

हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्राचीन ग्रीक ग्रंथातही तो विचारलेला आहे. त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात दिले. मधल्या काळात कितीतरी पिढ्यांनी कवडसे पाहिले असतील! केप्लरचे उत्तर असे. सूर्य हा एक बिंदू नाही, ती तबकडी आहे. तबकडीवरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश त्या तिकोनी भोकातून येऊन जमिनीवर एक इवलासा तिकोन उमटवतो. तबकडीवरचे बिंदू असंख्य, म्हणून तिकोनही असंख्य. हे सारे तिकोन मिळून जी आकृती तयार होते, ती सूर्याच्याच आकाराची असते. म्हणजे कवडसा हे भोकाचे चित्र नसून सूर्याचे चित्र आहे. वर्गात बाकावर पडलेला तो ठिपका म्हणजे प्रत्यक्ष सूर्याची प्रतिमा!

याचा पुरावाही आपल्याला मिळालेला आहे. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दिवशी ज्यांनी झाडाखालच्या जमिनीकडे पाहिले, त्यांना एरवीच्या गोल ठिपक्यांच्या जागी शेकडो चंद्रकोरी दिसल्या असतील. सूर्याचा जेवढा भाग झाकला गेला होता, तेवढाच भाग प्रत्येक ठिपक्यातूनही नाहीसा झाला होता.

आता पट्टी आणि दोरी घ्या. कवडशाच्या जागी एक पांढरा कागद असा धरा, की उन्हाची तिरीप त्यावर सरळ पडेल. कागद तिरपा असेल तर कवडसा लांबट दिसेल. कवडशाची रुंदी मोजा आणि त्यातून भोकाची रुंदी वजा करा. मग भोकापासून कागदापर्यंतचे अंतर मोजा. समजा अंतर ३ मीटर, म्हणजे ३०० सेंटिमीटर आले, तर कवडशाची रुंदी सुमारे २.८ सेंटिमीटर भरेल. ३०० ला २.८ ने भागले की १०७ येतात. समरूप त्रिकोणांचा नियम तुम्ही शिकलेला आहात. त्या नियमाने सूर्याचा व्यासही त्याच्या अंतराच्या १०७ व्या भागाइतका असला पाहिजे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. भागाकार करा. उत्तर सुमारे १४ लाख किलोमीटर येते. शास्त्रज्ञांनी काढलेला आकडा १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. एका फुटक्या पत्र्याने आणि पट्टीने एवढे साधले, हे काय कमी आहे?

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. भोकातून सूर्याकडे कधीही पाहू नका. आपली पाठ सूर्याकडे आणि नजर कागदाकडे असली पाहिजे.

अजून संपले नाही. कवडशाच्या कडेभोवती पेन्सिलीने रेघ काढा आणि स्वस्थ बसा. सुमारे दोन मिनिटांत कवडसा आपल्याच रुंदीइतका बाजूला सरकलेला असेल. छत सरकले नाही, कागद सरकला नाही. मग काय सरकले? पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपण तिसरी-चौथीत शिकतो आणि परीक्षेत लिहितो. पण ते फिरणे डोळ्यांनी पाहिले आहे, असे किती जणांना म्हणता येईल? त्यासाठी लागतात फक्त दोन मिनिटे, आणि तेवढी दोन मिनिटेच आपण देत नाही.

सावली हरवते तो दिवस

दुसरी गोष्ट मे महिन्यातली. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण रोज म्हणतो. खरे पाहता वर्षातून फक्त दोनच दिवस तो आपल्या अगदी डोक्यावर येतो. परभणी शहराचे अक्षांश सुमारे १९ अंश १६ मिनिटे उत्तर आहेत. उत्तरेकडे सरकणारा सूर्य मे महिन्याच्या १६-१७ तारखेच्या सुमारास या अक्षांशावर येतो, आणि परत दक्षिणेकडे जाताना जुलैच्या २६-२७ तारखेच्या सुमारास पुन्हा येतो. त्या दुपारी सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या पायातच विरून जाते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैमध्ये बहुधा ढग असतात, म्हणून मेची संधी साधावी. शाळेला तेव्हा सुटी असते हे खरे, पण अंगण, ओळंबा आणि एक सरळ काठी कुठेही मिळते.

हा दिवस जिल्ह्यात सगळीकडे एकाच तारखेला येत नाही. गंगाखेड दक्षिणेला आणि जिंतूर उत्तरेला. दोघांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. मेच्या मध्यात सूर्य रोज सुमारे पाव अंश उत्तरेकडे सरकतो. म्हणून सावली आधी गंगाखेडला हरवते, एक-दीड दिवसाने परभणीला, आणि गंगाखेडनंतर सुमारे तीन दिवसांनी जिंतूरला. जुलैमध्ये हाच प्रवास उलट दिशेने होतो. मधल्या सव्वादोन महिन्यांत सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे वर्षभर उत्तरेला पडणारी दुपारची सावली त्या काळात दक्षिणेला पडते. ढगांतून ऊन डोकावले, तर जूनमध्ये हे जरूर पाहून ठेवा.

घड्याळाकडे पाहिलेत, तर आणखी एक कोडे पुढे येईल. परभणीला मेमध्ये सावली हरवते ती बारा वाजता नाही. ती सुमारे १२ वाजून १९ मिनिटांनी हरवते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. हे रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. परभणी त्याच्या सुमारे पावणेसहा अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपली खरी दुपार घड्याळाच्या दुपारनंतर सुमारे २३ मिनिटांनी यायला हवी. मग १९ च का? उरलेल्या चार मिनिटांचा फरक पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, यामुळे पडतो. जुलैच्या अखेरीस हाच फरक उलट दिशेने पडतो आणि सावली जवळजवळ साडेबाराला हरवते. अंगणातली एक काठी आपल्याला सूर्यमालेपर्यंत घेऊन जाते ती अशी.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अशाच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला होता. ते गणित आपल्यालाही करता येईल. नांदेडहून परभणीमार्गे जाणारी सचखंड एक्सप्रेस दिल्लीला जाते, आणि दिल्ली परभणीच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. तुमचे कोणी नातेवाईक किंवा ओळखीचे दिल्लीत असतील, तर त्यांना परभणीच्या शून्य सावलीच्या दिवशी, तिथल्या खऱ्या दुपारी, एक मीटरच्या काठीची सावली मोजायला सांगा. ती १६ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. त्यावरून कोन काढलात, तर सव्वानऊ अंशांच्या थोडा वर येईल. नकाशावर दोन्ही शहरांमधले सरळ अंतर मोजा. ते हजार किलोमीटरहून थोडे जास्त आहे. सव्वानऊ अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती? पुढचे त्रैराशिक मी करून देत नाही.

जमिनीला पडणाऱ्या भेगा

तिसरी गोष्ट त्याच काळ्या जमिनीची, जिचे नाव आपण "काही नाही" या यादीत घेतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या मोठ्या भागावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थिजून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्याची झीज होऊन आपली काळी माती बनली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकण खनिजे असतात. त्यांचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे बनलेले असतात. पाणी मिळाले की ते या पानांमध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की माती आक्रसते, पण आक्रसताना ती सगळीकडून ताणली जाते. ताण सहन होईनासा झाला की ती फाटते. एप्रिल-मेमध्ये आपल्या शेतांत हातभर आणि कधी त्याहूनही खोल भेगा पडतात त्या यामुळेच. पहिल्या पावसात वरची भुसभुशीत माती या भेगांत ढासळते आणि जमीन आपली उलथापालथ आपणच करते.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आता जरा वाकून पाहा. (भेगांत हात मात्र घालू नका, विंचू-सापांना त्या आवडतात.) दोन भेगा जिथे मिळतात, तिथला कोन कोनमापकाने मोजा. तळ्याकाठचा गाळ पहिल्यांदाच सुकत असेल, तर पुष्कळ ठिकाणी एक भेग दुसरीला जाऊन काटकोनात मिळालेली दिसेल. कारण असे, की जुन्या भेगेमुळे तिच्या आडव्या दिशेचा ताण आधीच मोकळा झालेला असतो. उरतो तो भेगेच्या कडेने जाणारा ताण, आणि तो मोकळा करायला नवी भेग काटकोनातच यावी लागते. पण तोच मातीचा थर पुन्हा पुन्हा भिजवला आणि सुकवला, तर हळूहळू चित्र बदलते. तीन भेगा एका बिंदूत मिळू लागतात, कोन १२० अंशांच्या जवळ जातात आणि मधले तुकडे षट्कोनासारखे दिसू लागतात. घरी एका ताटात मातीचा थर देऊन हा प्रयोग करता येईल. फक्त चिकाटी हवी.

मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाची टेकडी आहे. तिथे काळ्या पाषाणाचे उंच बहुकोनी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. ते पाहून कोणालाही वाटेल, की हे कोणी कारागिराने घडवले आहेत. तो खडक थंड होताना आक्रसला, ताणला गेला आणि फाटला. भेगा वरून खाली सरकत गेल्या आणि खांब तयार झाले. आपल्या शेतात पाणी गेल्यामुळे माती आक्रसते, तिथे उष्णता गेल्यामुळे खडक आक्रसला. कारण वेगळे, नियम एकच. आजोबा दगड आणि नातू माती, दोघेही एकाच रीतीने फाटतात! हे कळल्यावर मेमधले उजाड शेत तुम्हाला पूर्वीसारखे "काही नाही" वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

चार आक्षेप

आता तुमच्या मनात येणाऱ्या शंकांकडे वळू. पहिली शंका : "सर, हे परीक्षेत येत नाही." खरे आहे. पण परीक्षेत येते ते समरूप त्रिकोण, अक्षांश-रेखांश, प्रकाशाचे सरळ रेषेत जाणे. यातले वर काय आले नाही? कवडसा मोजलेल्या मुलाला समरूप त्रिकोण पाठ करावा लागत नाही.

दुसरी शंका : "उत्तर तर मोबाईलवर लगेच मिळते." मिळते, आणि ते बरोबरही असू शकते. पण प्रश्न मनात मुरण्याआधीच उत्तर हाती आले, तर ते टिकत नाही. भूक लागण्याआधीच जेवायला बसवल्यासारखे ते होते. मोबाईल जरूर वापरा, पण आधी निदान दोन दिवस स्वतः पाहा, मोजा, अंदाज बांधा. मग उत्तर शोधा. स्वतःचा अंदाज चुकला असे दिसले, तर त्यातही आनंद आहे.

तिसरी शंका जरा गंभीर आहे : "कारण कळले की गंमत जाते." मला तसे वाटत नाही. कवडसा गोल का, हे कळल्यावर तो अधिक मोलाचा होतो, कारण तो आता सूर्याचे चित्र असतो. जी गंमत अज्ञानावर टिकून असते, ती फार काळ पुरत नाही.

याच संदर्भात एक आठवण करून देतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर बातमी पसरली, की गणपतीच्या मूर्ती दूध पितात. देवळांपुढे रांगा लागल्या. लोकांना जे दिसले ते खोटे नव्हते. चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, की पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. आश्चर्य वाटणे यात काहीच गैर नव्हते. गैर एवढेच झाले, की बहुतेकांचे आश्चर्य हात जोडून थांबले. "दूध जाते कुठे?" हा पुढचा प्रश्न थोड्यांनीच विचारला. आपल्या राज्यघटनेत १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे त्यांतले एक आहे. हे कर्तव्य भाषणांनी पार पडत नाही. रोज एखाद्या साध्या गोष्टीला पुढचा प्रश्न विचारायची सवय असेल, तरच असाधारण प्रसंगी तो प्रश्न सुचतो.

चौथी शंका शिक्षक बोलून दाखवतात : "आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही." ही तक्रार खरी आहे आणि ती दूर झालीच पाहिजे, प्रयोगशाळेला पर्याय नाही. पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स नावाची एक तरुणी होती. जन्म १८६२ चा. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा तिच्याकडे होती. भांडी घासताना तेलकटपणामुळे पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो, याकडे तिचे लक्ष गेले. तिने घरच्या घरी पत्र्याची एक पसरट पन्हळ बनवून वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. १८९१ मध्ये तिने ती लॉर्ड रॅले या नामवंत शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. रॅले यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि त्याच वर्षी ते छापून आले. पृष्ठभागांच्या आजच्या शास्त्रात तिच्या त्या पन्हळीचे मोठे स्थान आहे. भांडी घासण्याच्या पाण्यात एवढे होते!

आपले चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ मध्ये बोटीने इंग्लंडहून परत येत होते. समुद्र निळा का दिसतो, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, हे तेव्हाचे सर्वमान्य उत्तर त्यांना पटले नाही. खिशात मावेल अशा एका लोलकातून त्यांनी समुद्राकडे पाहिले. त्या लोलकाने आकाशाचे प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे होते, आणि तरीही पाणी निळेच राहिले. बोट मुंबई बंदराला लागेपर्यंत त्यांचे टिपण तयार होते. त्याच वाटेने पुढे जाऊन २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला, आणि त्याला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक वही

तो २८ फेब्रुवारी आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. फलक लागतात, भाषणे होतात, पाहुण्यांचा सत्कार होतो. शिक्षक बंधुभगिनींनो, त्या दिवशी एक तास मुलांना वर्गाबाहेर न्यावे आणि प्रत्येकाने स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि तिच्याविषयीचा एक प्रश्न लिहावा, असे केले तर? त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आले नाही, तरी बिघडत नाही. "मलाही माहीत नाही, आपण पाहू या," असे गुरुजींनी किंवा बाईंनी वर्गात म्हटले, तर मुलांना विज्ञान कसे चालते याचा पहिला धडा मिळेल. आणि कृपा करून त्याला गुण देऊ नका. गुण दिले की मुले पुन्हा बरोबर उत्तराच्या मागे लागतील.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला मी विज्ञान दिनाची वाट पाहायला सांगणार नाही. जुन्या वहीची कोरी पाने शिवून एक छोटी वही करा. रोज तीन ओळी लिहा : आज काय पाहिले, किती मोजले, काय कळले नाही. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. पहिले आठ दिवस सुचणार नाही. नंतर वही पुरणार नाही.

सुरुवातीला काही प्रश्न देऊन ठेवतो. त्यांची उत्तरे मुद्दाम देत नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न आटता नाचत का राहतो? (१७५६ मध्ये लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने याच थेंबाचे वर्णन लिहिले, म्हणून शास्त्रज्ञ त्याला आजही त्याच्या नावाने ओळखतात.) ज्वारीची भाकरी फुगते तेव्हा आत काय भरते आणि ते कुठून येते? मेमध्ये गारेगार असणारे माठातले पाणी श्रावणात तितके गार का होत नाही? हिवाळ्यात ढगाळ रात्रीपेक्षा निरभ्र रात्री आपल्याकडे जास्त थंडी का पडते? शेतात उभे राहून दूरच्या माणसाला लाकूड फोडताना पाहिले, तर कुऱ्हाड आधी दिसते आणि आवाज मागून येतो. मधला वेळ मोजून तो माणूस किती दूर आहे हे सांगता येईल का?

यांतल्या एकाही प्रश्नासाठी परभणी सोडून जावे लागत नाही. तुमच्यापैकी काही जण पुढे शिकायला बाहेर जातील, आणि जावेच. मोठ्या प्रयोगशाळांत चांगली यंत्रे मिळतील. पण यंत्रापुढे बसल्यावर नेमके काय पाहायचे, हे ज्याला कळते त्याचेच काम पुढे जाते, आणि ती नजर इथेच, याच काळ्या मातीवर आणि याच पत्र्याखाली तयार होऊ शकते. ती तयार न करताच "आमच्याकडे काही नाही" असे म्हणत बाहेर पडलात, तर तिकडेही तुम्हाला फारसे काही दिसणार नाही.

तेव्हा उद्या सकाळी वही घ्या आणि अंगणात या. पाहुणा विचारील तेव्हा विचारील; आधी तुम्ही स्वतःला विचारा, की आपल्याकडे पाहण्यासारखे काय आहे? आणि जे दिसेल, मोजाल, अडेल, ते आम्हालाही लिहून कळवा.